मॉरिसचे लाल घर
जुन्या वळणाचे घर सजविण्याची हौस आज पुष्कळांस असते. अशा हौसेतून एक पेढी कशी निघाली, त्याची हकीकत आम्ही येथे सांगणार आहो.

इंग्रज कवी विल्यम मॉरिस याने १८५९ साली जेन बर्डेन हिच्याशी विवाह केला आणि केंट परगण्यात लाल विटांचे घर बांधविले. ते ‘रेड हाउस’ होय. त्याचा आराखडा मित्र फिलिप वेब याचा. घर उभे राहिले, पण बाजारातील सामान मॉरिसला पसंत पडेना. तेव्हा मित्रांनी भिंती रंगविल्या. जेन व तिची बहीण बेसी यांनी पडद्यांवर भरतकाम केले. या घरकामातूनच १८६१ साली भागीदारीची पेढी निघाली. रंगीत काचा, लाकूडसामान, भरतकाम आणि भिंतींचे छापील कागद ही तिची कामे.

परंतु धंदा वाढला आणि घर सुटले. आजारपणामुळे लंडनची रोजची ये-जा मॉरिसला झेपेना. १८६५ मध्ये कुटुंब लंडनला, कारखान्याच्याच वास्तूत राहावयास गेले.

१८७५ पासून पेढीच्या पाटीवर एकट्या मॉरिसचे नाव राहिले. १८८५ मध्ये भरतकामाचा विभाग धाकटी मुलगी मे हिने सांभाळला. तिने रेखाटलेला मधुमालतीसारख्या वेलीचा कागद मात्र पुष्कळ काळ बापाचाच समजला गेला.

आपल्याकडेही माग साळ्याचा म्हणतात. कांड्या भरते ती घरची बाई. घरगुती धंद्याचा इतिहास लिहिताना पाटी वाचून भागत नाही. माजघरात डोकवावे लागते.