शाईचे डोंगर, कागदाची नदी

चिनी भाषेत निसर्गचित्राला 'शानशुई' म्हणतात. शान म्हणजे डोंगर, शुई म्हणजे पाणी. ही चित्रे पाहताना आम्हाला वाटते की, ती काढणाऱ्यांचे आयुष्यही असेच निवांत गेले असावे. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

1279 साली मंगोलांनी सुंग राजवट संपवली आणि सारा चीन युआन सत्तेखाली आला. सरकारी नोकरीच्या परीक्षा बंद पडल्या. त्या पुन्हा झाल्या 1315 साली. शिकल्यासवरलेल्या अनेकांचा मार्ग खुंटला. हुआंग गोंगवांग (1269-1354) हा त्यांतलाच एक साधा कारकून. वरिष्ठावर जमीन-महसुलाचे बालंट आले आणि त्यात यालाही तुरुंग पाहावा लागला. सुटल्यावर त्याने ताओ पंथाचा आसरा घेतला. उतारवयात त्याने फुचुन नदीकाठच्या डोंगरांची लांबलचक गुंडाळी रंगवायला घेतली. रंगवली म्हणायचे, पण रंग त्यात नाहीच. आहे ती काळी शाई, कुठे दाट, कुठे पातळ. कोरा सोडलेला कागद म्हणजेच नदी! 1350 साली त्याने त्यावर आपला मजकूर लिहिला, तेव्हा वयाची ऐंशी वर्षे उलटली होती.

त्याच्या आधीच्या पिढीतला गाओ केगोंग (1248-1310) तर पश्चिमेकडून, मध्य आशियाच्या बाजूने आलेल्या घराण्यातला. तो युआन दरबारात मोठ्या हुद्द्यावर होता. तरीही त्याचे ढगांनी वेढलेले डोंगर चिनी चित्रकलेने आपलेच मानले. पूर्वज कुठून आले, हा प्रश्न त्या डोंगरांच्या आड आला नाही. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

फुचुनच्या गुंडाळीचे पुढे काय झाले? 1650 साली तिच्या मालकाने मरताना ती आपल्यासाठी जाळण्यास सांगितले. पुतण्याने ती आगीतून ओढून काढली, पण तिचे दोन तुकडे झाले. लहान तुकडा, जेमतेम 51 सेंटिमीटरचा, आज चीनमधील हांगझोऊच्या संग्रहालयात आहे. सहा मीटरहून लांब असलेला मोठा तुकडा तैवानमध्ये, तैपेईला. 2011 साली तैपेईत दोन्ही तुकडे एकत्र मांडले गेले, आणि मग पुन्हा आपापल्या ठिकाणी गेले.

तुरुंग, आग, फाळणी, सारे त्या कागदाने सोसले. नदी मात्र अजून तशीच कोरी, शांत आहे.