टोयोटा फुटली आणि मग अबोला

फिलिपीन्सची बास्केटबॉल लीग पीबीए १९७५ साली सुरू झाली. गंमत म्हणजे तिथले संघ शहरांचे नाहीत, चक्क कंपन्यांचे! रामोन फर्नांडेझ आणि रॉबर्ट जावोर्स्की दोघं टोयोटात. १९८४ला संघच विकला गेला, खेळाडूंसकट. (टेकओव्हर झालेल्या कंपनीत काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको.) फर्नांडेझ नव्या मालकाकडे गेला, जावोर्स्कीने साफ नकार दिला आणि गिल्बीज जिन गाठलं. मग पाच वर्षं अबोला. त्यात फर्नांडेझ तीनदा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण गर्दी मात्र जावोर्स्कीची. १९८९च्या ऑल-स्टार सामन्यात दोघं एकाच संघात. शेवटच्या काही सेकंदांत जावोर्स्कीने चेंडू आत टाकला, फर्नांडेझने बास्केट केली. १३२-१३०! प्रशिक्षक बेबी डालुपान यांनी दोघांना मैदानाच्या मधोमध हात मिळवायला लावले.