चेरीचं झाड आणि घोड्याला भिणारा सॅम

लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनने वडिलांच्या लाडक्या चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालवली आणि मग खरं सांगून टाकलं, या गोष्टीने आपल्याकडच्याही कितीतरी पोरांना वळण लावायचा प्रयत्न केला आहे. ती मेसन लॉक वीम्स या पाद्र्याने रचली. हा गृहस्थ गावोगाव पुस्तकं विकत हिंडायचा. वॉशिंग्टन डिसेंबर १७९९मध्ये वारले आणि १८०० साली वीम्सचं चरित्र बाजारात हजर! झाड मात्र त्यात नव्हतं. ते उगवलं १८०६च्या पाचव्या आवृत्तीत.

मुलांसाठी चरित्र म्हणजे सुरस बालपण आणि त्याला चिकटवलेला बोध, हा पायंडा पुढे दीडशे वर्षं टिकला. १९३२पासून अमेरिकेत थोरांच्या बालपणांची एक मालिका निघत गेली. नारिंगी बांधणीची ती पुस्तकं मुलांनी फडशा पाडल्यासारखी वाचली. त्यातले संवाद बहुतेक लेखकांच्या मनचे. आपल्या बालचरित्रांतही आई आणि बाळ पानंच्या पानं बोलत असतात, तेव्हा हसायचं कारण नाही.

ही रीत मोडणाऱ्यांत जीन फ्रिट्झ यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९१५ साली त्या जन्मल्या त्या चीनमध्ये, यांगत्सेकाठच्या हँको शहरात. आईवडील मिशनरी कामासाठी तिकडे गेलेले. स्वतःचा देश मुलीला ठाऊक होता तो आजीच्या पत्रांतून. बाराव्या-तेराव्या वर्षी ती अमेरिकेत परतली. पुढे न्यूयॉर्कजवळच्या डॉब्ज फेरी गावी संसार थाटल्यावर तिथल्या वाचनालयात मुलांचा विभाग त्यांनी सांभाळला.

१९७३मध्ये अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातल्या पॉल रिव्हिअरवरचं त्यांचं छोटंसं सचित्र पुस्तक आलं. नाव प्रश्नार्थक, पुढच्या पुस्तकांनाही अशीच प्रश्नांची शेपटं लागली. बाईंचा नियम एकच : पात्राच्या तोंडी मनचं वाक्य घालायचं नाही. पत्रं, रोजनिशा, जुने कागद यांत सापडेल तेच लिहायचं.

मग रंगत कुठून आणायची? सॅम्युअल ॲडम्सचंच घ्या. बॉस्टनमध्ये इंग्रजांविरुद्ध रान उठवणारा हा पुढारी इतका गबाळा, की १७७४मध्ये फिलाडेल्फियाच्या काँग्रेसला जाण्याआधी लोकांनीच त्याला नवा पोशाख आणि केसांचा टोप घेऊन दिला. शिवाय साहेब घोड्यावर बसायला तयार नसत. शेवटी १७७५च्या प्रवासात चुलतभाऊ जॉन ॲडम्सने पन्नाशी उलटलेल्या सॅमला खोगिरावर चढवलंच, आणि अंग सोलवटू नये म्हणून आत घालायला खास चड्डी शिवून घ्यायला लावली. हे जॉनने मित्राला पत्रातून कळवलं आहे. चड्डीची गोष्ट वीम्सला सुचली नसती. सुचली असती तरी थोर माणसाच्या चरित्रात त्याने ती घातली नसती. फ्रिट्झबाईंना मात्र असा ऐवज म्हणजे पर्वणी. सॅमच्या पुस्तकाचं नावच त्याला विचारतं, की बाबा रे, तू घोडा का घेत नाहीस?

कागदाबाहेर पाऊल न टाकणाऱ्या या लेखिकेची खरी पंचाईत झाली ती स्वतःच्या बालपणापाशी. हँकोतले दिवस आठवत होते, पण तारखांच्या क्रमाने नाही आणि शब्दन्‌शब्द तर नाहीच. सगळ्या बालपणातल्या घटना दोनच वर्षांच्या काळात गुंफाव्या लागल्या, संवाद घडवावे लागले. तेव्हा १९८२च्या ‘होमसिक’वर त्यांनी सरळ कथासाहित्याचा शिक्का मारला. नॅशनल बुक अवॉर्डही त्याला मिळालं ते बालकादंबरी म्हणूनच.

त्या पुस्तकात हँकोच्या इंग्रजी शाळेतली एक अमेरिकन मुलगी आहे. ब्रिटनच्या राजाचं गीत म्हणायला ती साफ नकार देते. मग वडील तोड काढतात, की त्याच चालीवरचं अमेरिकन गीत म्हण. गादीवर तेव्हा पाचवा जॉर्ज होता. तिसऱ्या जॉर्जवर, म्हणजे ज्याच्या हातून अमेरिका निसटली त्या राजावर, फ्रिट्झबाईंनी १९७७मध्येच पुस्तक लिहिलं होतं. त्याच्या नावातला प्रश्न साधारण असा : राजेसाहेब, या पोरांना जरा वळण लावता येत नाही का?