शेवटी नाव सांगणारी रेकॉर्ड

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात जुनी रेकॉर्ड हाती लागली की लोक लेबल वाचतात. मी ती उन्हात तिरपी धरून लेबलाभोवतीची कोरी पट्टी बघतो. तिथला क्रमांक मूळ साच्यातून उमटलेला असतो. लेबल मात्र कुठल्याही छापखान्यात छापून मिळतं. या सवयीचं मूळ शोधत मी इंग्लंडातल्या सोल संगीताच्या वेड्यांपर्यंत पोचलो आणि तिथून थेट गायिका गौहरजानपाशी.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने १९६५ मध्ये फ्रँक विल्सनची ‘डू आय लव्ह यू (इन्डीड आय डू)’ ही रेकॉर्ड तयार केली, पण बाजारात आणलीच नाही. नमुना प्रती नष्ट झाल्या, बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. सत्तरच्या दशकात उत्तर इंग्लंडातल्या नाचाच्या क्लबांत डीजे दुर्मीळ रेकॉर्डच्या लेबलावर कागद चिकटवत आणि गायकाचं खोटं नाव सांगत, प्रतिस्पर्ध्याला ती सापडू नये म्हणून. विल्सनचं गाणं ‘एडी फॉस्टर’ या नावाने वाजलं आणि चोरट्या प्रतीही त्याच नावाने निघाल्या. विल्सनने गाणं संपताना स्वतःचं नाव घेतलं असतं, तर हा फॉस्टर जन्मालाच आला नसता.

गौहरजानने नेमकं तेच केलं होतं. ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्गने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात तिचा आवाज मुद्रित केला. तिच्या रेकॉर्डच्या शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. पुढे अलाहाबादची जानकीबाईही तसंच करू लागली. नेहमीचा खुलासा असा, की मेणाचे साचे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कारागिरांकडून लेबलं चुकू नयेत म्हणून हा उच्चार. मला तो अर्धाच पटतो. साच्यावर क्रमांक होताच, मग तोंडी नाव कशाला?

माझ्या मते ही रीत फोनोग्राफच्या नळकांड्यांची. १८९० च्या दशकात अमेरिकेत नळकांड्याच्या सुरुवातीलाच गाण्याचं, गायकाचं, कंपनीचं नाव बोलून घेत, कारण मेणावर लेबल चिकटवायला जागा नव्हती. तिथे गाणारा आणि ऐकणारा एकाच भाषेचे, भाषेच्या अडचणीचा प्रश्नच नव्हता. आणि गाइसबर्ग याच धंद्यात, कोलंबियाच्या नळकांड्यांवर पियानो वाजवत तयार झालेला. विरुद्ध पक्ष विचारेल, मग नाव सुरुवातीऐवजी शेवटी का? तीन मिनिटांत ठुमरी आधी बसवायची आणि उरल्या क्षणांत नाव, एवढंच असणार. हॅनोव्हरला त्याचा उपयोग झाला असेल, पण तो नंतरचा.

पुढे सियालदहला १९०८ मध्ये आणि दमदमला १९२८ मध्ये कारखाने आले, लेबलं सुधारली, बोललेलं नाव गळालं. पट्टीवरचा क्रमांक तेवढा टिकला, आणि नक्कल पकडायला आज तोच कामी येतो. चोर मूळ रेकॉर्ड वाजवून तिच्यावरून नवा साचा कापतो. खाचांबरोबर गाणं उतरतं. पट्टीवरचा क्रमांक उतरत नाही, तो नव्याने कोरावा लागतो. अमेरिकी सोलच्या पंचेचाळीस आरपीएमच्या रेकॉर्डवर अस्सल खूण बहुधा यंत्राने ठोकलेली आणि नकलेवर हाताने खरडलेली. पण लहान कारखाने अस्सल प्रतींवरही हातानेच कोरत, म्हणून ‘हाताचं म्हणजे खोटं’ हा नियम मला मान्य नाही. अक्षराचं वळण ताडून बघावं. कितीतरी अस्सल प्रती ठिसूळ पॉलिस्टायरीनच्या होत्या आणि त्यांच्या नकला लवचीक व्हिनाइलच्या. तरी वाकवून तपासू नका, अस्सल असेल तर तडकेल.

महागडी रेकॉर्ड न बघता मागवत असाल, तर आधी दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचे फोटो मागा. विकणारा नुसती लेबलंच दाखवत असेल, तर पैसे देऊ नका.