मेयरची खुर्ची आणि कौन्सिलचे मत: अमेरिकेच्या लहान गावांचा कारभार

अमेरिकेत पालिका म्हणून नोंदलेली सुमारे १९,५०० गावे आणि शहरे आहेत. त्यांपैकी तीन चतुर्थांश ठिकाणची वस्ती ५,००० पेक्षा कमी आहे. न्यूयॉर्क किंवा शिकागोच्या मेयरचे नाव जगाला ठाऊक असते. पण संख्येने पाहिले तर अमेरिकेतील बहुतेक मेयर अशा लहान गावांचे आहेत. दिवसा आपला व्यवसाय किंवा नोकरी सांभाळायची आणि महिन्यातून एक-दोन संध्याकाळी कौन्सिलच्या सभेचे अध्यक्षस्थान घ्यायचे, असे त्यांचे काम असते. गावाचा प्रमुख म्हणून मान त्यांचा. मात्र कर बसवणे, खर्चाला मंजुरी देणे आणि नियम करणे हे अधिकार कौन्सिलकडे असतात. ही वाटणी मुळात अशी नव्हती. एके काळी कारभारी, नियम करणारा आणि न्याय देणारा हे तिन्ही एकाच मेयरच्या खुर्चीत बसत. ते वेगळे होण्यास दोनशेहून अधिक वर्षे लागली आणि त्यातील काही मोलाचे झगडे फार छोट्या गावांतून उभे राहिले.

इंग्रजी अमलात गावाला सनद मिळे ती राजाच्या नावाने गव्हर्नरकडून. १६८६ मध्ये गव्हर्नर थॉमस डोंगन याने ऑल्बनी आणि न्यूयॉर्क या दोन्ही ठिकाणांना सनदा दिल्या. आल्डरमन (कौन्सिलचे सदस्य) आणि त्यांचे सहायक वॉर्डावॉर्डातून निवडून येत, मेयरची नेमणूक मात्र गव्हर्नर करी. बाजाराचे नियम, पावाचे वजन, दारूच्या गुत्त्यांचे परवाने हे सारे या मंडळींच्या हाती असे, आणि तेच लोक मेयरचे न्यायालय म्हणून बसून खटलेही ऐकत. काही सनदा याहून बंदिस्त होत्या. १७०१ ची फिलाडेल्फियाची आणि १७३६ ची व्हर्जिनियातील नॉरफोकची कौन्सिल रिकाम्या जागा स्वतःच भरी. गावकऱ्यांना त्यात मत नव्हते. न्यू इंग्लंडच्या वसाहतींनी मात्र मेयर हे पदच ठेवले नव्हते. तेथे मतदार सभागृहात जमून गावाचे ठराव करत आणि मधल्या काळातील कामासाठी सिलेक्टमन निवडून देत. बोस्टनसारखे मोठे बंदरही १८२२ पर्यंत असेच चालले. त्या वर्षी ते शहर झाले आणि जॉन फिलिप्स त्याचे पहिले मेयर ठरले. व्हरमाँट, मेन, न्यू हॅम्पशायर येथील अनेक गावे आजही वर्षातून एकदा भरणाऱ्या ग्रामसभेवर चालतात.

स्वातंत्र्यानंतर राजाची जागा राज्याच्या विधिमंडळाने घेतली. अमेरिकेच्या संघीय संविधानात पालिकांचा उल्लेखच नाही, आणि पुढच्या साऱ्या घडामोडींचे मूळ या एका गोष्टीत आहे. भारतात १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना संविधानात स्थान दिले. अमेरिकेतील गावाला असा आधार नाही. ते राज्याने दिलेल्या अधिकारावर जगते. आरंभी प्रत्येक गावासाठी विधिमंडळ स्वतंत्र कायदा करी. रस्ता रुंद करायचा किंवा कर वाढवायचा, तरी राजधानीत जाऊन नवा कायदा मागावा लागे आणि त्या ये-जा करण्यात वशिला वाढे. ओहायोच्या १८५१ च्या राज्यघटनेने असे एकेका गावापुरते कायदे करण्यास बंदी घातली व सर्व पालिकांना एकच सर्वसाधारण कायदा लागू करण्याचा मार्ग घेतला. नंतर इतर अनेक राज्ये त्याच वाटेने गेली.

अधिकारांची मर्यादा सर्वांत कडक शब्दांत आखली ती आयोवाचे न्यायाधीश जॉन फॉरेस्ट डिलन यांनी. क्लिंटन गावाच्या रस्त्यांवरून एका रेल्वे कंपनीला रूळ टाकायचे होते आणि गावाचा त्याला विरोध होता. १८६८ मध्ये डिलन यांनी निकाल दिला, की पालिका विधिमंडळाच्या इच्छेने जन्मते आणि तिच्याच इच्छेने टिकते. कायद्याने स्पष्ट दिलेले, त्यातून अपरिहार्यपणे निघणारे किंवा पालिकेच्या अस्तित्वासाठी अटळ असलेले अधिकार तेवढेच तिचे. शंका असेल तर अधिकार नाही असेच समजावे. ‘डिलनचा नियम’ म्हणून हे तत्त्व देशभर मानले गेले आणि १९०७ मध्ये पिट्सबर्गच्या खटल्यात संघाच्या सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. याला उतारा म्हणून ‘होम रूल’ आला. मिसूरीच्या १८७५ च्या राज्यघटनेने सेंट लुईसला स्वतःची सनद स्वतः लिहिण्याची मुभा दिली, आणि १९१२ मध्ये ओहायोने ती सर्व पालिकांना दिली. तरीही वकील लावून स्वतंत्र सनद लिहून घेणे लहान गावांना परवडत नाही, म्हणून त्यांपैकी बहुतेक आजही राज्याच्या सर्वसाधारण कायद्यावरच चालतात.

त्या कायद्यात कामाची वाटणी कशी असते हे ओहायोच्या उदाहरणाने नीट कळते. ५,००० पेक्षा कमी वस्तीचे गाव तेथे ‘व्हिलेज’ ठरते. मेयर चार वर्षांसाठी थेट मतदारांकडून निवडला जातो. तो कौन्सिलच्या सभा चालवतो, पण मत देतो ते दोन्ही बाजूंना समसमान मते पडली तरच. शांतता राखण्याची मुख्य जबाबदारी त्याची. गावाच्या पोलीस प्रमुखाचे नाव तो सुचवतो, परंतु कौन्सिलने मान्य केल्याशिवाय नेमणूक होत नाही. नियमाचा मसुदा तीन वेगवेगळ्या दिवशी वाचला जावा लागतो. निकड असेल तर तीन चतुर्थांश सदस्य ही अट बाजूला ठेवू शकतात. घाईने, अर्ध्या माहितीवर नियम होऊ नयेत आणि गावकऱ्यांना आक्षेप घेण्यास अवधी मिळावा, एवढ्यासाठी हे विलंबाचे बंधन आहे. पैशाची बाजू तर याहून कडक. अंदाजपत्रक कौन्सिल मंजूर करते. मंजूर झालेल्या खर्चासाठीही तिजोरीत रक्कम शिल्लक आहे, असे वित्त अधिकाऱ्याने लिहून दिल्याखेरीज मेयरला करारावर सही करता येत नाही. रस्ते, पाणी, सांडपाणी, पोलीस, स्मशानभूमी, बहुधा स्वयंसेवकांवर चालणारे अग्निशमन दल, अशी कामांची यादी लांब आणि पैसा मोजका असल्याने ही बंधने गावाच्या जिवाची आहेत.

राज्याराज्यांत फरक पुष्कळ आहेत. काही ठिकाणी मेयरला नकाराधिकार असतो आणि कौन्सिल तो मोठ्या बहुमताने फेटाळू शकते. काही ठिकाणी कौन्सिलच आपल्यातील एकाला मेयर करते. मेयरकडे नेमणुका, बडतर्फी आणि नकाराधिकार असतील तर त्याला ‘सबळ मेयर’ आणि नसतील तर ‘दुर्बळ मेयर’ म्हणतात. लहान गावांत दुसरा प्रकार जास्त आढळतो.

असे मर्यादित पदही समाजाचा नकाशा बदलू शकते, हे कॅन्ससमधील आर्गोनिया या जेमतेम काहीशे वस्तीच्या गावाने दाखवले. १८८७ मध्ये कॅन्ससने स्त्रियांना पालिका निवडणुकीपुरता मताधिकार दिला. त्याच वसंतात दारूबंदीच्या स्त्री-कार्यकर्त्यांना हिणवण्यासाठी काही पुरुषांनी सुझाना सॉल्टर यांचे नाव त्यांना न विचारताच मेयरपदासाठी मतपत्रिकेवर घातले. दहा-वीस मते पडतील आणि सगळ्यांत नाचक्की होईल, असा त्यांचा हिशेब होता. ४ एप्रिलच्या मतदानाच्या दिवशी गावकऱ्यांनी सॉल्टर यांच्याकडे जाऊन निवडून आल्यास पद स्वीकाराल का, असे विचारले. त्यांनी होकार दिला आणि सुमारे दोन तृतीयांश मते मिळवली. त्या वेळी त्या २७ वर्षांच्या होत्या. गावाचे पहिले मेयर त्यांचेच वडील होते, त्यामुळे कौन्सिलचे काम त्यांना नवखे नव्हते. वर्षभर त्यांनी सभा चालवल्या, एक डॉलर मानधन घेतले आणि पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. अमेरिकेतील पहिली स्त्री मेयर म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. पुढच्याच वर्षी कॅन्ससमधील ऑस्कालूसाने मेयर आणि संपूर्ण कौन्सिल स्त्रियांची निवडली. १९२० मध्ये वायोमिंगच्या जॅक्सन गावात तसेच घडले. ग्रेस मिलर मेयर झाल्या आणि रोझ क्रॅबट्री यांनी कौन्सिलच्या जागेसाठी स्वतःच्या पतीला हरवले. थकलेली करवसुली, स्मशानाकडे जाणारा रस्ता, गावाच्या चौकाची स्वच्छता अशी कामे त्यांनी मार्गी लावली. त्या कौन्सिलचा गौरव याच साध्या कामांसाठी व्हायला हवा.

वसाहतकाळापासून चिकटून राहिलेला एक अधिकार मात्र धोक्याचा ठरला, तो न्यायनिवाड्याचा. दारूबंदीच्या काळात ओहायोच्या कायद्याने गावाच्या मेयरला दारूचे खटले ऐकण्याची मुभा दिली होती. आरोपी दोषी ठरला तर मेयरला खटल्याच्या खर्चातून वाटा मिळे. निर्दोष सुटला तर काहीच नाही. सिनसिनाटीजवळच्या नॉर्थ कॉलेज हिल गावात १९२३ च्या ११ मे ते ३१ डिसेंबर या काळात अशा दंडांतून २०,००० डॉलरहून अधिक जमा झाले. गाव, राज्य, फिर्यादी वकील आणि गुप्त पोलीस यांच्यात ते वाटले गेले, आणि पगाराखेरीज मेयरच्या हाती ६९६ डॉलर ३५ सेंट आले. दारू बाळगल्याबद्दल १०० डॉलर दंड झालेल्या एका आरोपीने दाद मागितली. ‘ट्यूमी विरुद्ध ओहायो’ या खटल्यात ७ मार्च १९२७ रोजी सरन्यायाधीश विल्यम हॉवर्ड टॅफ्ट यांनी एकमताचा निकाल दिला, की शिक्षा दिल्यावरच ज्याला पैसे मिळतात त्याच्यापुढे चालवलेला खटला न्याय्य प्रक्रियेचा भंग करतो. मेयरवर गावाच्या तिजोरीचीही जबाबदारी आहे, हेही न्यायालयाने लक्षात घेतले.

हा दुसरा मुद्दा खरा खोल होता आणि तो सुटण्यास आणखी ४५ वर्षे गेली. ओहायोतील मन्रोव्हिल या गावचा मेयर दंडातील एक पैसाही स्वतः घेत नव्हता. पण १९६४ मध्ये गावाच्या ४६,३५५ डॉलरच्या एकूण उत्पन्नापैकी २३,५८९ डॉलर त्याच्या न्यायालयातून आले होते. बहुतेक दंड गावातून गाडीने जाणाऱ्यांनी भरला असणार. गावाचा खर्च भागवण्याची जबाबदारी आणि दंड करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असेल तर तराजू सरळ राहण्याची खात्री नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ‘वॉर्ड विरुद्ध मन्रोव्हिल’ खटल्यात म्हटले. तरीही ओहायो व लुइझियानात मेयरची न्यायालये संपली नाहीत. ओहायोत वाहतुकीचे आणि गावाच्या नियमभंगाचे किरकोळ खटले ऐकणाऱ्या मेयरला प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि तो स्वतःऐवजी वकिलाची दंडाधिकारी म्हणून नेमणूक करू शकतो. न्यायाची खुर्ची पूर्णपणे वेगळी करणे हाच यावरचा निर्मळ उपाय आहे, आणि बहुतेक राज्यांनी तो केला आहे.

कौन्सिलचा अधिकार वाढला तो जमिनीच्या वापराबाबत. क्लीव्हलँडच्या सीमेला लागून असलेल्या युक्लिड या व्हिलेजने १९२२ मध्ये घरे, दुकाने आणि कारखाने यांसाठी वेगवेगळे विभाग ठरवणारा नियम केला. जमीन विकत घेऊन बसलेल्या कंपनीने त्याला आव्हान दिले आणि १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाची बाजू घेतली. तेव्हापासून अशी विभागणी, म्हणजे झोनिंग, हे लहान कौन्सिलच्या हातचे सर्वांत बळकट साधन बनले. शाळेजवळ गोदाम असावे की नाही, बंगल्यांच्या रांगेत इमारत उभी राहावी की नाही, यावर गावातील सर्वांत तीव्र वाद होतात. मोजकी घरे आणि मोठे प्लॉट यांची सक्ती करून कमी उत्पन्नाच्या लोकांना दूर ठेवण्यासाठीही या अधिकाराचा वापर झाला, हे त्याचे काळे अंग आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी कारभारही मेयरकडून काढून घेण्याचे प्रयोग झाले. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळाने टेक्ससमधील गॅल्व्हेस्टन उद्ध्वस्त झाल्यावर तेथे खातेवार आयुक्तांचे मंडळ आले. पण टिकून राहिली ती मॅनेजरची पद्धत. व्हर्जिनियातील स्टॉन्टनने १९०८ मध्ये चार्ल्स ॲशबर्नर यांना जनरल मॅनेजर म्हणून नेमले; १९१३ च्या महापुरानंतर ओहायोतील डेटनने ही पद्धत स्वीकारून देशभर नावारूपाला आणली. धोरण कौन्सिलचे आणि अंमल तिने नेमलेल्या तज्ज्ञाचा, असे या पद्धतीचे सूत्र. महाराष्ट्रातील नगरपरिषदेत मुख्याधिकारी असेच रोजचे काम पाहतो, पण त्याची नेमणूक राज्य शासन करते; अमेरिकन मॅनेजरला कौन्सिल नेमते आणि नको असेल तर काढूही शकते. जबाबदारी कोणाकडे बघून पार पाडायची, याचे उत्तर या एका फरकाने बदलते. अगदी लहान गावांना मात्र मॅनेजरचा पगार परवडत नाही, म्हणून तेथे मेयर, कौन्सिल आणि क्लार्क हीच जुनी जोडणी टिकून आहे.

मतदारांचा हात सभागृहापर्यंत पोहोचला तो उघड्या सभांच्या कायद्यांमुळे. फ्लोरिडाने १९६७ मध्ये केलेल्या ‘सनशाइन’ कायद्यानंतर काही वर्षांतच सगळ्या राज्यांत तसे कायदे झाले. सभेची वेळ आणि विषय आधी जाहीर करणे, इतिवृत्त ठेवणे आणि निर्णयाचे मतदान लोकांसमोर करणे कौन्सिलवर बंधनकारक आहे. कर्मचाऱ्याची चौकशी, जमीन खरेदी, न्यायालयात चालू असलेला दावा अशा ठरावीक विषयांपुरती बंद दाराआड चर्चा करता येते. उघड सभेत मत न घेता केलेला ठराव अनेक राज्यांत न्यायालय रद्द ठरवू शकते.