पुळणीवरची उंडी

मालवणच्या पुळणीलगत उभी असलेली उंडी आपण पाहिली असेलच. पाने जाड, तुकतुकीत, बारीक शिरांची. फुले पांढरी, सुवासिक. फळ गोटीसारखे वाटोळे. हे फळ खाऱ्या पाण्यावर तरंगत दूर जाते. म्हणून पूर्व आफ्रिकेपासून इंडोनेशियापर्यंतच्या किनाऱ्यांवर हे झाड आढळते.

उंडीचे तेल कडू. खायच्या उपयोगाचे नाही. पण रॉकेल येण्यापूर्वी ते दिव्यात जळे, होडीच्या लाकडालाही चोळीत. तिचे लाकूडही होड्यांच्या कामी येई.

१६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधावयास घेतला. आरमार म्हटले की लाकूड आलेच. मग रयतेची झाडे तोडायची काय? रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र सांगते : आंब्या-फणसाला हात लावू नये, ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. एखादे जीर्ण झाड तोडायचेच, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे.

हाच न्याय उंडीला लावू या. वीज आली, फायबरच्या होड्या आल्या, तरी तिची मुळे पुळण धरून ठेवतात. गुरुजी, बियांचे टणक कवच हलके फोडून मुलांकडून शाळेच्या कडेला चार बिया लावून घ्याल ना?