सुई की सूर्यनमस्कार?

परवा जालन्यातला एक मित्र म्हणाला, "तिशी आली, टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊ का?" प्रश्न जुनाच आहे बरं का.

१८८९ साली पॅरिसमध्ये ७२ वर्षांच्या ब्राउन-सेकार या शास्त्रज्ञानं कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क टोचून घेतला आणि ताकद परत आल्याचं जाहीर केलं. पण हे हार्मोन पाण्यात फारसं विरघळतच नाही. म्हणजे तरतरी बहुधा मनाचीच!

आपल्याकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी रोज सूर्यनमस्कार घालायचे. १९३८ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक लंडनला निघालं. त्याआधी बलोपासना सांगणारे समर्थ रामदास तर आपल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे.

सूर्यनमस्कार म्हणजे हार्मोनचं औषध नव्हे. पण वयानुसार हळूहळू उतरणारं टेस्टोस्टेरॉन सुटलेलं पोट, अपुरी झोप आणि दारूमुळे आणखी उतरतं. तिथे रोजची सवय कामी येते. उलट, गरज नसताना बाहेरून हार्मोन घेतलं तर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, शुक्राणूही घटतात. मित्राचं तर नुकतंच लग्न झालंय.

त्याला म्हटलं, आधी डॉक्टरांकडे जा, सकाळी रक्त तपास. आणि रात्री मोबाईल ठेवून झोप. हे मलाही लागू आहे.